तो बोलणारच नाही, मग त्याला सोबत कशाला न्यायचं?

"मुलीला अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीनं कॉपीच्या आरोपावरून सुनावणीला बोलावलंय. सोबत सल्लागार नेता येतो, पण त्यानं तोंड उघडायचं नाही म्हणे. मग त्याचा उपयोग काय?" पुण्या-नाशिकहून पालक हे विचारतात, कारण अशा सुनावण्यांना मी विद्यार्थ्यांच्या शेजारी बसत आलो आहे.

तोंड उघडायचं नाही हे बहुतेक ठिकाणी खरंच आहे. सल्लागार प्राध्यापक असो वा वकील, उत्तरं विद्यार्थ्यानंच द्यायची. नॉर्थ कॅरोलायना राज्यानं २०१३ मध्ये कायदा करून सरकारी विद्यापीठांत वकिलाला बोलू दिलं, पण कॉपीची प्रकरणं त्यातून वगळली. लैंगिक छळाच्या, म्हणजे 'टायटल नाईन' या शिक्षणातल्या लिंगभेदाविरुद्धच्या कायद्याखालच्या, प्रकरणांत मात्र २०२० च्या नियमांनुसार उलटतपासणी सल्लागारच घेतो.

पण सल्लागाराचं खरं काम सुनावणीच्या आधीच होतं. नोटीस आली की मुलं घाबरून प्राध्यापकांना ईमेल करतात, "सर, चुकलं, पुन्हा होणार नाही." वडीलधाऱ्यांपुढे नमतं घ्यायची आपली सवय. काही केलेलं नसतानाही मुलं असं लिहितात आणि ते कबुलीजबाब म्हणून फाईलला लागतं. तो ईमेल जाण्याआधी कुणीतरी शांत डोक्याचं माणूस शेजारी हवं.

मग फाईल मागवायची आणि ओळ न् ओळ वाचायची. एका मुलीचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम दुसऱ्याच्या प्रोग्रॅमशी जुळतो म्हणून अहवालात पानंच्या पानं रंगवलेली होती. आम्ही असाइनमेंट पुन्हा उघडली, तर त्यातल्या बऱ्याच ओळी प्राध्यापकांनी सगळ्या वर्गाला दिलेल्या मूळ फाईलमधल्या निघाल्या. उरलेल्या तिनं कशा लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या, ते गिटवर, म्हणजे प्रोग्रॅममधला बदल न् बदल जपणाऱ्या सॉफ्टवेअरवर, वेळेसकट नोंदलेलं होतं. रडून रडून थकलेल्या त्या मुलीला हे एकटीनं सुचलं नसतं. समितीपुढे बोलली तीच, मी फक्त एकदा विश्रांती मागायची खूण केली.

इथे गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागत नाही. 'घडलं असण्याची शक्यता जास्त' एवढं बहुतेक समित्यांना पुरतं, म्हणून असे कागद जपायला हवेत.

पालकांनी थेट विद्यापीठाला फोन लावण्यात अर्थ नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदी खासगी ठेवणाऱ्या १९७४ च्या फेर्पा कायद्यामुळे मुलांच्या लेखी संमतीशिवाय ते सहसा काहीच सांगत नाहीत. यात मला विद्यापीठांचा राग येत नाही, पण दूर बसलेल्या आईची तगमग दिसते. तिनं मुलीला दोन गोष्टी करायला सांगाव्यात: नोटीस आली त्याच दिवशी सल्लागार गाठ आणि कुठलीही शिक्षा मान्य करण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन ये. निलंबन झालं तर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरचा मुक्काम धोक्यात येतो, आणि शिस्तपालन समितीतलं कुणी ते आपणहून सांगेलच असं नाही.

निकाल विरुद्ध गेला तर अपील असतं. त्याची मुदत बहुधा मोजक्या दिवसांची असते, तेव्हा पत्र उघडल्यावर आधी ती तारीख बघायची.