तुम्ही विचारलंत म्हणून : फोन उचलायला एवढ्या लांब का गेलीस?

दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी पाचोऱ्याला माहेरी आले की झोक्यापाशी, ओसरीवर, एखाद्या मांडवात हाच प्रश्न येतो : विज्ञानाची पदवी घेऊन शहरात रुग्णवाहिकेचे फोन उचलायला का गेलीस, आणि अजून तिथेच का आहेस? आजवर मी पगाराचे कारण सांगून विषय बदलत आले. ते कारण खरे नव्हते, म्हणून या वेळी लिहूनच सांगते.

‘फोन उचलणे’ या शब्दांनी मला दुखते, हे आधी मान्य करते. रुग्णवाहिकेसाठी फोन आला की ठिकाण, रुग्णाची शुद्ध आणि श्वास या तीन गोष्टी पहिल्या मिनिटात काढून घ्याव्या लागतात, आणि त्या सांगणारा माणूस तेव्हा रडत, ओरडत किंवा धावत असतो. श्वास थांबला असेल तर त्याच माणसाकडून रुग्णाच्या छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान ५ सेंटिमीटर खोल दाब देववून घ्यायचा आणि गाडी पोहोचेपर्यंत त्याच्याबरोबर मोजत राहायचे.

मी गेले ती अहिराणीसाठी, आमच्या खानदेशी बोलीसाठी. शहरातल्या त्या एका कक्षात दूरदूरच्या जिल्ह्यांतले फोन येतात, आणि घाबरलेला माणूस शाळेत शिकलेली मराठी बोलत नाही, आईची बोली बोलतो. आपल्या माणसाचे बोलणे कळणारे कोणीतरी तिथे हवे, असे मी प्रशिक्षणात अभिमानाने सांगत असे. तो अभिमान अजून पुरता गेलेला नाही, पण एका रात्रीनंतर तो तसाच्या तसा बोलून दाखवण्याची हिंमत मला होत नाही.

पावसाळ्याचे दिवस होते आणि रात्रीचे दोन वाजून गेले होते. बायकोला काहीतरी चावले आहे, तिच्या पापण्या उघडत नाहीत, असे एक माणूस अहिराणीत सांगत होता. ती जमिनीवर झोपली होती, पायाला खूण नव्हती, फारसे दुखतही नव्हते. हे ऐकताच माझ्या मनात मण्यार हा विषारी साप आला, कारण त्याच्या दंशात आधी पापण्या जड होतात, मग गिळणे अवघड होते आणि शेवटी श्वास अडतो. विचारायचे वाक्य ठरलेले होते : ‘तुम्ही आत्ता कोठे आहात?’ मी मात्र त्याला धीर वाटावा म्हणून मायेने विचारले, ‘तुमनं गाव कोनतं, भाऊ?’ त्याने गाव सांगितले. ते माझ्या आजोळाच्या शेजारचे, पाचोरा तालुक्यातले गाव होते. फोनचे ठिकाण पडद्यावर आलेले नव्हते, तरी मी दुसरा प्रश्न विचारला नाही; ते गाव, तिथला पार आणि फाटा माझ्या डोळ्यांसमोर होता. गाडी निघाली. पाय हलवू नका, कापू नका, आवळून बांधू नका, भगताकडे नेऊ नका, हे सगळे मी त्याला नीट सांगितले, आणि त्यानेही ते नीट ऐकले.

बावीस मिनिटांनी चालकाचा फोन आला : दाराला कुलूप आहे, हे कुटुंब मजुरीला गेले आहे. मी त्या माणसाला पुन्हा विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘आम्ही ते रावेरले शेतस, केळीना बागमा.’ तापीच्या पलीकडे. मी त्याचे गाव विचारले होते आणि त्याने त्याचे गाव सांगितले होते. त्याचे काहीच चुकले नव्हते. माझ्या जागी पाचोरा कधी न पाहिलेला, अहिराणीचा शब्दही न कळणारा कोणी असता तर त्याने ठरलेले वाक्य विचारले असते, तालुका विचारला असता, जवळची खूण विचारली असती.

रावेरकडून दुसरी गाडी गेली. रुग्णालयाच्या दारात पोहोचली तेव्हा त्या बाईचा श्वास चालू होता, एवढेच मला कळले. पुढचे आम्हाला बहुधा कळत नाही.

चूक कळवल्यावर एक ज्येष्ठ सहकारी म्हणाल्या की बोली बाजूला ठेव, ती तुला आंधळी करते. मला ते पटते. आणि पटतही नाही, कारण दुसरी गाडी येईपर्यंत तो माणूस फोन टाकून भगताकडे गेला नाही. शेजारचे लोक त्याला ओढत होते, मी ते ऐकत होते, आणि तो माझे ऐकून थांबला. प्रमाण मराठीत सांगितले असते तर तो थांबला असता का? प्रशिक्षणात असताना मी क्षणाचाही विचार न करता ‘नाही’ म्हटले असते. आज मला तसे म्हणवत नाही, कारण ती बावीस मिनिटेही त्याच बोलीत गेली होती.

आता मी ठरलेले वाक्य आधी विचारते, तालुका दोनदा वदवून घेते, आणि मगच अहिराणीत बोलते. तरीही पलीकडून ‘माय वं’ असे ऐकू आले की तोंडात पहिला शब्द घरचाच येतो, आणि तो मला दर वेळी गिळावा लागतो.