राजहंसगडावर, सर्वांत मागून

डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी आमच्या गल्लीतले सतरा जण राजहंसगडावर पायी गेलो आणि त्या सतरा जणांत मी सर्वांत मागे होतो. कोणीतरी शेवटी राहून सगळे येत आहेत की नाही हे पाहायला हवे, असे आदल्या रात्री ठरले आणि चालीने मुळातच हळू असल्यामुळे ते काम आपसूक माझ्याकडे आले. प्रथम मला ते थोडेसे अपमानास्पद वाटले, हे कबूल करतो. पंधरा वर्षांपूर्वी याच गडावर मी सर्वांत पुढे पळत गेलो होतो, पण त्या दिवशी मागे कोण होते हे आज मला अजिबात आठवत नाही.

बेळगावात या गडाला येळ्ळूरगड किंवा येळ्ळूरचा किल्ला असेही म्हणतात. शहराच्या दक्षिण बाजूला कुठल्याही उंच गच्चीवरून तो दिसतो आणि दिसताना अगदीच ठेंगणा वाटतो. बेळगाव शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर वसलेले असल्यामुळे भोवतालच्या डोंगरांची बरीचशी उंची आपण घरबसल्याच चढून बसलेलो असतो. बाकीचा चढ तेवढा पायांना द्यावा लागतो. गडाच्या दारापर्यंत आता डांबरी रस्ता आहे, त्यामुळे पायी जायचे म्हटल्यावर घरोघरी पहिला प्रश्न ‘कशाला?’ हाच निघाला.

पहाटे साडेपाचला वडगावातून निघालो आणि येळ्ळूरच्या वेशीत गाड्या लावल्या. तिथून पायथ्याकडे जाताना दोन्ही बाजूंना शिवार होते. ज्यांच्या पोटात बेळगावी बासमतीचा वास मुरलेला आहे त्यांना शहापूर, वडगाव आणि येळ्ळूरच्या शिवाराबद्दल वेगळे सांगायला नको. भात कापून झाले होते, काही ठिकाणी गवताच्या गंज्या रचलेल्या होत्या आणि रिकाम्या झालेल्या वाफ्यांत मसूर वर आली होती. भात निघाल्यावर काळ्या जमिनीत जी ओल उरते तेवढ्यावर आणि पहाटेच्या दवावर हे पीक येते, त्याला वेगळे पाणी द्यावे लागत नाही. येळ्ळूरच्या मसुरीला इथल्या बाजारात जो मान आहे तो या चिकट, ओल धरून ठेवणाऱ्या मातीचा आहे. त्याच मातीने आमच्या बुटांना दोन दोन बोटांचे तळवे चढवले आणि पायथ्याशी पोचेपर्यंत प्रत्येकाची उंची थोडी वाढली होती.

चढ सुरू झाला आणि वीस मिनिटांत आमच्या रांगेचे तीन तुकडे झाले. पुढे कॉलेजची मुले, मध्ये त्यांचे आईवडील, आणि मागे मी व आमच्या शेजारच्या मावशी. मावशींचे वय बासष्ट, हातात काठी, पायात नव्याच घेतलेल्या चपला, ज्यांबद्दल मी खाली असतानाच शंका व्यक्त केली होती आणि त्यांनी ती मोडून काढली होती. मुले दर वळणावर थांबत, कठड्यावर बसत, पाणी पीत, फोटो काढत आणि आमची वाट पाहत. आम्ही दिसलो की आनंदाने हाका मारत, आणि आम्ही जवळ पोचलो की लगेच उठून चालू लागत. त्यांच्या दृष्टीने यात काहीच चुकीचे नव्हते, कारण ते दहा मिनिटे आमच्यासाठीच थांबलेले होते. पण ती दहा मिनिटे विश्रांती त्यांना मिळाली होती, आम्हाला नव्हे. सर्वांत ताजा माणूस सर्वांत जास्त वेळ बसतो आणि सर्वांत दमलेल्याला बसायलाच मिळत नाही, हा हिशेब चौथ्या वळणावर माझ्या लक्षात आला. इतकी वर्षे पुढे चालताना तो लक्षात येण्याचे काही कारणच नव्हते.

त्यातच एक मुलगा दर थांब्यावर मोठ्या प्रेमाने सांगे, “चला की मावशी, आलंच की आता.”

पाचव्यांदा हे ऐकल्यावर मावशी काठी टेकून उभ्या राहिल्या. “मघापासून आलंच, आलंच म्हणतोस. गड काय पळून जातोय होय गा?”

सगळे हसले, पण मावशींचा श्वास इतका लागला होता की हे वाक्यही त्यांनी दोन तुकड्यांत पूर्ण केले होते. चढताना सोबतच्या माणसाशी सलग बोलता येते तोवर चाल ठीक आहे, आणि बोलणे तुटू लागले की वेग कमी करायला हवा, ही साधी खूण आहे. ती पाहायची तर बोलणारा माणूस नजरेसमोर असावा लागतो. मग मी माझ्या पदाचा पहिला आणि शेवटचा अधिकार वापरला. सर्वांना पाच मिनिटे बसवले, घड्याळ लावून, आणि त्यानंतर मावशींना रांगेत सर्वांत पुढे उभे केले. त्यांच्या पुढे कोणी जायचे नाही, एवढाच नियम.

मुलांनी पहिली काही मिनिटे फार कष्टाने काढली. हळू चालणे हे त्यांच्यासाठी खरोखरच श्रमाचे काम आहे, हे मी पाठीमागून त्यांच्या पावलांकडे पाहून समजू शकलो. पण मावशींची गोष्ट मला अनपेक्षित होती. मागे असताना त्या प्रत्येक वीस पावलांवर थांबत होत्या, कारण पुढच्यांना गाठण्यासाठी उगाच जोर करत आणि मग दम लागे. पुढे गेल्यावर गाठायला कोणी उरले नाही, त्यामुळे त्यांनी स्वतःची चाल धरली आणि उरलेला चढ फक्त दोनदा थांबून पूर्ण केला. सतरा जण प्रथमच एका रांगेत होते, आणि मागच्या टोकावरून मला सतरावी पाठ सोडून सगळ्या पाठी दिसत होत्या.

दारातून आत शिरलो तेव्हा सूर्य चांगला हातभर वर आला होता. उगवताना पाहायचा बेत हुकला, याबद्दल थोडी कुरकुर झाली. गड लहान आहे, तटावरून रमतगमत फेरी मारली तरी फार वेळ लागत नाही. त्याचे मूळ बांधकाम रट्टांच्या काळातले मानले जाते, म्हणजे ज्यांच्या राजवटीत बिचिराजाने १२०४ मध्ये बेळगावचा भुईकोट बांधला तेच हे घराणे. भुईकोटाभोवती खंदक आहे, पण सपाटीवरून दूरचे दिसत नाही, तेव्हा अशा टेकडीवर टेहळणीला माणसे ठेवणे किती गरजेचे असेल हे बुरुजावर उभे राहिले की कोणी न सांगता कळते. आत सिद्धेश्वराचे मंदिर आहे, विहीर आहे, आणि आता शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा आहे, ज्याचे २०२३ च्या मार्चमध्ये एकाच आठवड्यात दोनदा लोकार्पण झाले. त्या राजकारणावर वर बसून पुष्कळ चर्चा झाली. मावशींनी मात्र त्यात भाग घेतला नाही. त्या चपला काढून सिद्धेश्वरासमोर बसल्या होत्या, आणि त्यांच्या टाचेला फोड आला होता, हे मला तेव्हा दिसले.

उत्तरेला शहर धुक्यात अर्धे बुडालेले होते, खाली येळ्ळूरचे वाफे हिरव्या आणि करड्या तुकड्यांनी जोडलेल्या वाकळेसारखे पसरले होते, आणि पश्चिमेला वैजनाथाचा डोंगर व त्यामागच्या सह्याद्रीच्या रांगा एकीमागे एक फिकट होत गेल्या होत्या. डबे उघडले. चिरमुरे, चटणी, भाकरी आणि कोणीतरी आणलेला कुंदा एवढ्यावर सतरा जणांचे भागले.

उतरताना गुडघ्यांवर चढापेक्षा अधिक भार येतो, आणि ते माझ्या गुडघ्याने मला दर पावलाला सांगितले. या वेळी मावशी पुन्हा पुढे होत्या, टाचेला कापसाची पट्टी बांधून, आणि ‘आलंच’वाल्या मुलाने त्यांची पाण्याची पिशवी आपल्या खांद्याला अडकवली होती. गाड्यांपाशी आल्यावर पुढचा रविवार ठरला. देवरवाडीचा वैजनाथ, आणि जमले तर वरचा महिपाळगड. तो इथल्यापेक्षा लांबचा आणि चढाचा आहे, हे मी मावशींना आधीच सांगितले. त्यांनी बुटातली माती काठीने खरवडणाऱ्या मुलांकडे पाहत दोन अटी घातल्या. पुढे त्या स्वतः चालणार, आणि मागून कोणी ‘आलंच’ म्हणायचे नाही.