झिजलेल्या किल्लीची नक्कल

आत्याच्या सागवानी कपाटाची किल्ली एकच. 1993च्या भूकंपात औसा तालुक्यातला वाडा गेला, ढिगाऱ्यातून हे कपाट तेवढं धड निघालं. किल्ली तेव्हाही आत्याच्या कंबरेलाच होती. अलीकडं मात्र तीन-चारदा खटपट केल्याशिवाय ती लागत नव्हती.

लातूरला जाऊन मशीनवर दोन नकला काढून आणल्या. एकही फिरेना. दुकानदार म्हणाला, कुलूपच गेलंय, नवं बसवा. हे ऐकून आत्या दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

मग लातूरच्याच गंजगोलाई बाजारात रस्त्याकडेला किल्ल्यांचे जुडगे मांडून बसणाऱ्या एका चाचांना गाठलं. त्यांनी किल्लीवर नुसता अंगठा फिरवला. "दात झिजलेत की. तुम्ही झिजेचीच नक्कल काढायलाव. कुलूप आणा." वर, "कपाट तुमचंच हाय ना?" हेही विचारून घेतलं.

दार उघडं असताना चार स्क्रू काढून कुलूप नेलं. चाचांनी पत्र्याचं झाकण उचकटलं. आत पितळेच्या पाच पट्ट्या एकावर एक, प्रत्येकीला बारीक स्प्रिंग. हेच लिव्हर. प्रत्येकीत एक फट. पाचही फटी एका रेषेत आल्या की खुंटा त्यातून सरकतो आणि कुलूप उघडतं. पट्टी कमी उचलली गेली तरी अडतं, जास्त उचलली गेली तरी अडतं. (ही युक्ती रॉबर्ट बॅरन नावाच्या इंग्रजानं 1778 साली काढली, हे घरी आल्यावर शोधलं.) झिजलेला दात पट्टीला पुरतं उचलत नाही, आणि मशीन बिचारं इमानदारीनं तोच आखूड दात कापून देतं.

चाचांनी कोरी किल्ली मेणबत्तीवर काळी केली, कुलपात घालून फिरवली. पट्टी घासते तिथली काजळी पुसून लोखंड चमकतं. तिथंच कानशीचे दोन हात. पुन्हा काजळी, पुन्हा कानस. मी शेजारच्या पायरीवर बसून दोन चहा संपवले. तिसरा दात केसभर जास्त गेला, तर ती किल्ली सरळ डब्यात टाकून त्यांनी दुसरी घेतली. "घासलेलं लोखंड परत येत नाही." शेवटी कुलपात तेल घालू दिलं नाही; धूळ धरतं म्हणे. पेन्सिलीच्या शिशाची भुकटी फुंकली.

दोन किल्ल्यांचे तीनशे दिले. घरी कुलूप बसवलं, नवी किल्ली एका फेऱ्यात लागली. आत्यानं जुनीही घालून पाहिली. दुसऱ्या खटक्यात तीही फिरली!

नवीन दोन्ही माझ्याकडं आहेत. कंबरेला जुनीच.