पहिला आणि तिसरा शनिवार

माझा नातू सहा वर्षांचा आहे आणि मला महिन्यातून दोनदाच भेटतो, पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, तेही कोर्टाकडून भेट माझ्या मुलाला मिळालीये म्हणून मी त्याच्याबरोबर जाते. मुलगा-सून वेगळे झाले, कोर्टाच्या कागदावर आई आहे, वडील आहेत, आजी-आजोबा कुठेच नाहीत. वकिलांना विचारलं तर म्हणाले, काकू, १९५६ च्या हिंदू पालकत्वाच्या कायद्यात नैसर्गिक पालक म्हणजे वडील आणि आई, तुम्ही अर्ज करू शकता पण कोर्ट बघणार नातवाचं हित. फार लागलं मला ते. तान्हा होता तेव्हा तेल लावून न्हाऊ घातलं, टाळू भरली, तापात रात्र रात्र जागले, आणि मी कोणीच नाही?

मग २०२२ मधला सुप्रीम कोर्टाचा एक निकाल वाचनात आला. अहमदाबादचं लेकरू, कोविडच्या दुसऱ्या लाटेत आई-वडील दोघंही गेले, हायकोर्टानं ताबा मावशीकडे दिला होता, सुप्रीम कोर्टानं तो आजी-आजोबांना दिला. आजोबा ७१ वर्षांचे, तरी नुसत्या वयावरून त्यांना नाकारलं नाही. वाचताना डोळे भरून आले माझे. पण तिथे आई-बाप उरलेच नव्हते, इथे दोघंही धडधाकट आहेत आणि सून पोराचं सगळं नीट करते, हे मला मान्य करावंच लागतं.

मागच्या शनिवारी शंकरपाळे नेले होते. पुढचा दात पडलाय, त्यामुळे दाढेखाली धरून कुडुमकुडुम खात होता, आणि मधेच थांबून डब्याचं झाकण लावलं, म्हणाला, "आजी, उरलेले आईला नेतो." तेव्हा अगदी जिभेवर आलं होतं, की आई आमच्याबद्दल काय बोलते रे घरी? नाही विचारलं. पोराला निरोप्या करायचं नाही आणि त्याच्यासमोर त्याच्या आईबद्दल वाकडा शब्द काढायचा नाही, एवढं मी स्वतःला बजावून ठेवलंय. आमच्या ह्यांना जमत नाही कधीकधी, मग मी त्यांचा हात दाबते.

डबा त्याच्याबरोबरच दिला. रात्री धीर करून सुनेला फोन लावला, म्हटलं, गणपतीत एक दिवस पाठवशील का त्याला, आरतीपुरता तरी, तूही ये. जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "बघते, आई."

अजून आई म्हणते मला.