मामाचा हात, अपडेट ६: मूठ सुटली एकदाची

काल रात्री कळव्याला मामाने आपण बनवत असलेल्या मोटरवाल्या कृत्रिम हाताने पाण्याने भरलेला स्टीलचा पेला उचलला, ओठाला लावला, खाली ठेवला आणि मूठ सोडली. सोडली! गेले तीन आठवडे या हाताची मूठ मिटायची झकास पण उघडायचं नाव नाही. मामी हातातलं काम टाकून बघायला आली, मग तिच्यासाठी अजून चारदा उचलला.

कातडीवरच्या इलेक्ट्रोडमधून येणारा स्नायूचा सिग्नल चांगलाय हे आधीच्या अपडेटमध्ये दाखवलंय. मामाचा हात मनगटापासून गेलाय, बोटं मिटणारे स्नायू कोपराखाली शाबूत आहेत, मामाने नुसतं मनात मूठ आवळली तरी ग्राफ वर जातो. थ्रेशोल्डच्या (ठरवलेल्या पातळीच्या) वर गेला की मिट, खाली आला की उघड, एवढाच कोड. पण एकदा मिटली की ग्राफ खाली येईचना. मामा म्हणतोय "अरे, मी कधीचा सैल सोडलाय", आणि स्क्रीनवर बघावं तर पूर्ण आवळलेला.

पहिला संशय अर्थातच ५० हर्ट्झवर, म्हणजे घरच्या विजेच्या गुणगुणीवर. तेवढीच गुणगुण गाळणारा नॉच फिल्टर टाकला, लॅपटॉपचा चार्जर काढला (तो तसाही काढाच, अंगाला इलेक्ट्रोड असताना मेन्सला जोडलेलं काहीही नको). मग घामाला दोष दिला, ठाण्याच्या हवेत जेलवाले इलेक्ट्रोड अर्ध्या तासात सुटतात, म्हणून केस काढून स्पिरिटने पुसून नवीन लावले. फरक शून्य. शेवटी वैतागून सर्वोची, म्हणजे बोटं ओढणाऱ्या मोटरची, वायर उपटली आणि ग्राफ धाडकन खाली!

म्हणजे चोर सर्वोच. पेला धरला की तो जोर लावत राहतो, अडकला की दोन अँपिअरच्या वर खेचतो, बॅटरीचं व्होल्टेज थरथरतं, आणि स्नायूचा सिग्नल जेमतेम मिलिव्होल्टचा, तो आपण कितीतरी पट वाढवून वाचतो, त्यात ही थरथर मिसळली की सेन्सरला वाटतं मामा अजून आवळतोय, की परत सर्वोला जोर लाव, की परत थरथर. आता सर्वोला वेगळे दोन १८६५० (लिथियम) सेल, सेन्सर आणि नॅनोला (कोड चालवणाऱ्या छोट्या बोर्डाला) वेगळी बॅटरी, ग्राउंड एकाच ठिकाणी जोडलं, सर्वोच्या पायाशी थरथर शोषायला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. तीन आठवड्यांचं दुखणं एका संध्याकाळीत गेलं.

सर्वोवरनं आठवलं, ऑनलाइन मागवलेला 'मेटल गिअर'वाला उघडला तर आत एक गिअर चक्क प्लास्टिकचा. मी तरी यापुढे दादरला गाडी बदलून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातच जाणार, वस्तू हातात घेऊन बघता येते. बोटं ओढणारी नायलॉनची तंगूस मात्र ताणून सैल व्हायची, तिच्याजागी चेंदणी कोळीवाड्यातल्या मित्राने दिलेली मासेमारीची विणलेली दोरी घातलीय, अजिबात ताणत नाही.

आता नवीन भानगड. हात खांद्याच्या वर नेला की सॉकेटमध्ये, म्हणजे उरलेला हात ज्यात बसतो त्या कपात, कातडी सरकते, इलेक्ट्रोड जरा उचलतो, सिग्नल पडतो आणि पेलाही पडतो. काल फळीवर ठेवायला गेला तर सगळं पाणी अंगावर. मी थ्रेशोल्ड खाली आणायच्या मागे लागलो तर मामा म्हणाला, "दिव्याचं बटण दाबून धरतो का आपण? एकदा दाबलं की झालं. मग पेला धरायला मी सारखा का आवळत बसू?"

रात्रभर तेच डोक्यात. एकदा आवळलं की मिट, लागोपाठ दोन झटके दिले तरच उघड. कातडी सरकून चुकून असे दोन झटके यायची शक्यता फारच कमी. आणि हे लिहितानाच सुचतंय, मग सर्वो तरी कशाला, एन२० ची (चिमुकली) वर्म गिअरवाली, म्हणजे बाहेरच्या जोराने उलटी न फिरणारी, मोटर लावली तर करंट बंद केला तरी पकड जागेवर राहील, बॅटरीही वाचेल. तळव्याचा भाग नव्याने प्रिंट करावा लागेल, लागू दे.

खांद्याच्या हालचालीने पट्टा ओढून मूठ चालवायचा प्लॅन मात्र सोडत नाहीये. २०१६ ला झ्युरिकच्या सायबॅथ्लॉनमध्ये (कृत्रिम अवयवांसारखी साधनं वापरणाऱ्यांची स्पर्धा) हातांच्या शर्यतीत पहिला आला तो बिनमोटरचा, पट्ट्याने ओढायचा हातच होता. पेल्याला मोटर आणि झांजेला पट्टा असंही करता येईल, मामाला गणपतीत आरतीला झांज वाजवायचीय आणि त्या ठेक्याला मोटर पुरी पडेल असं वाटत नाही.

एन२० वर्मवाली कोणी वापरली असेल तर पाण्याने भरलेला पेला पेलते का तेवढं सांगा, शनिवारी लॅमिंग्टन रोडला जातोय.