घरी पाठवलेला शिष्य

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसले तेव्हा सर्वांत आधी आठवला तो पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा तास. येशूच्या हाकेसरशी मासेमारीची जाळी सोडून निघालेले पेत्र आणि अंद्रिया किंवा जकातनाक्यावरून उठलेला लेवी हेच खरे शिष्य आणि बाकीचे नुसते उपासनेला येणारे, अशी आम्हा मुलींची समजूत होती. दहावीच्या वर्षी बाईंनी मार्ककृत शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय आमच्याकडून सावकाश वाचून घेतला. कबरांमध्ये राहणारा भूतग्रस्त मनुष्य शुद्धीवर येतो, येशू तारवात बसत असताना बरोबर येऊ देण्याची विनवणी करतो आणि प्रभू त्याला घरी, स्वतःच्या माणसांकडे परत पाठवतो. ज्यांनी त्याला साखळदंडांनी बांधले होते त्यांच्यातच त्याला आता राहायचे होते, आणि माझ्या मते प्रभूबरोबर तारवातून जाण्यापेक्षा ते अधिक अवघड होते.

पुढे मी परिचारिका झाले. अर्धांगाच्या रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर माकडहाडाशी आणि टाचांना जखमा होतात. चादरीच्या सुरकुत्या काढायच्या, पाठ पुसून कोरडी करायची, टाचा अधांतरी राहतील अशी उशी पोटऱ्यांखाली सरकवायची. पहाटे सगळा वॉर्ड झोपलेला असताना हे केले की नुसती तक्त्यावर वेळ लिहिली, हे विचारणारे कोणी नसते. प्रभूच्या हाकेला ओ देण्याची माझी जागा मला तीच वाटत आली आहे.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाई 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या. त्या ग्रंथाच्या छपाईचे खिळे जुळवले ते तिथल्याच स्त्रियांनी. रमाबाईंना सारा महाराष्ट्र ओळखतो. त्या स्त्रियांची नावे आपल्यापैकी फारच थोड्यांना सांगता येतील, पण त्यांचे शिष्यत्व मला तसूभरही कमी वाटत नाही.

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत ‘तो सेवेत आहे’ असे अजूनही बहुधा पाळकांविषयीच म्हटले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. यंदा शाळा सोडणाऱ्यांपैकी बहुतेक जण शेतीत, दुकानात, बँकेत, कारखान्यात जातील. धर्मशिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आपण जशी नाव घेऊन प्रार्थना करतो, तशीच ती यांच्यातील प्रत्येकासाठी निरोपाच्या दिवशी व्हावी, अशी माझी शाळेला नम्र विनंती आहे.