व्ही, डब्ल्यू आणि 'वन अँड द सेम'

जूनमध्ये कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणं कमी आणि कागद जास्त. केळापूर तालुक्याच्या आमच्या भागात 'वार'नं संपणारी आडनावं घरोघरी, आणि त्या 'वार'मधला व इंग्रजीत लिहिताना कधी व्ही होतो, कधी डब्ल्यू. बारावीच्या एका पोराचं तेच झालं. दहावीच्या गुणपत्रिकेवर व्ही, आधारवर डब्ल्यू, आणि शिष्यवृत्तीचा फॉर्म अडकला. दोन्ही नावं तुझीच आहेत असं इंग्रजीत लिहून आण, असं त्याला कार्यालयातून सांगितलं. त्यानं लिहून नेलं. दुपारच्या आत कागद परत, आणि बाप-लेक स्टाफरूमच्या दारात.

"सर, नाव तं एकच हाय. मंग वापस काहून केलं?"

कागदावर तीनच वाक्यं होती, स्पेलिंगची चूक एकही नाही. 'बोथ नेम्स आर सिमिलर. आय ॲम सेम पर्सन. माय नेम इज नॉट डिफरंट दॅन आधार कार्ड.'

पहिल्याच वाक्यानं घात केला होता. सिमिलर म्हणजे मिळतंजुळतं. दोन नावं सिमिलर आहेत म्हटलं, की ती दोन निरनिराळ्या माणसांची असू शकतात, ही वाट आपणच मोकळी करून दिली. एका गावात मिळत्याजुळत्या नावाची दोन माणसं असतातच. बाबूला शंका नेमकी तीच, आणि पोरानं ती लेखी देऊन टाकली. बरं, 'नेम्स आर द सेम' लिहावं तर तेही खोटं, कारण एक अक्षर डोळ्यांसमोर वेगळं दिसतंय. स्पेलिंग डिफरंट, माणूस सेम, असं म्हणायचं होतं. त्याला अर्जाच्या इंग्रजीत ठरलेले शब्द आहेत: 'वन अँड द सेम पर्सन'. इथं आयडेंटिकलही नको. जुळे भाऊ आयडेंटिकल असतात, पण असतात दोन.

पोराचा दोष म्हणावा तर अर्धाच. आपला 'सारखा' फार कामं करतो. सारखी उंची, सारखे वाटे, बापासारखा लेक, आणि वर 'सारखा पाऊस'. इंग्रजीत पहिल्याला द सेम, दुसऱ्याला ईक्वल, तिसऱ्याला लाइक, आणि पावसाला यातलं काहीच नाही, तिथं कंटिन्युअसली. उलट 'तोच' आणि 'तसाच' यांत मराठी चोख फरक करते, तो इंग्रजीचं सेम करत नाही. 'वी ट्रॅव्हल बाय द सेम बस' म्हणजे तीच बस, एकच. 'ही बॉट द सेम शर्ट ॲज माइन' म्हणजे तसाच शर्ट, माझा माझ्याच अंगावर. अर्थ संदर्भावरून लावायचा. जिथं संदर्भ पुरत नाही, जसा या अर्जात, तिथं 'वन अँड' जोडून तोच पक्का करायचा.

दुसऱ्या वाक्यात 'द' गेला होता. ही चूक मी वर्षानुवर्षं लाल शाईनं गोल करतोय. आता वर्गात एवढंच सांगतो: मराठीत 'च' आला (तोच, तीच, तेच) की इंग्रजीत सेमच्या आधी 'द' आलाच. धिस, दॅट, दीज, दोज असेल तर तो लागत नाही. मागून तुलना आली की ॲज: 'द सेम रेट ॲज यस्टरडे'. 'सेम लाइक' हे थेट 'च्यासारखं'मधून आलेलं, परीक्षेत चूकच. 'सेम टू सेम' बाजारात बिनधास्त बोला, अर्जात नको. सिमिलरला मात्र 'अ' चालतो आणि मागून 'टू' येतो. अलाइकची खोड वेगळीच. तो नामाच्या आधी बसत नाही. पोळ्याची बैलजोडी 'द टू बुलक्स लुक अलाइक' अशी दिसेल, पण 'अलाइक बुलक्स' होत नाही. अस्लीप, अलाइव्हचं तेच.

तिसरं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, कारण त्यात एकावर एक दोन चुका. 'याच्यापेक्षा मोठा' आणि 'याच्यापेक्षा वेगळा', मराठीत दोन्हीकडे 'पेक्षा'. म्हणून पोरं दोन्हीकडे दॅन लावतात. पण दॅन हा बिगर, स्मॉलर अशा तुलनेच्या रूपांचा सोबती, आणि डिफरंट तसं रूप नाही. त्याला फ्रॉम. ब्रिटिश बोलण्यात 'डिफरंट टू' ऐकू येतं, अमेरिकेत 'डिफरंट दॅन' चालतं, विशेषतः पुढं पूर्ण वाक्य असेल तर. आपल्या पेपरला फ्रॉम, तिथं कुणी हरकत घेत नाही. फरक सांगताना 'डिफरन्स बिटवीन', आणि बिटवीननंतर अँड, टू नाही. दुसरी चूक जास्त लपलेली: नावाची तुलना चक्क कार्डाशी केली होती. नाव कार्डापेक्षा वेगळं असणारच! नावाची तुलना नावाशी, म्हणून 'दॅट ऑन माय आधार कार्ड'.

तेवढ्यात बापानं आपली शंका काढली. फवारणी पंपाचं नोझल बदलायला गेला, तर दुकानदार पोराला म्हणाला 'अनदर घे', आणि दिलं तसलंच, नवीन. दुकानदार चुकला नाही. अनदर म्हणजे आणखी एक, ते तसलंच असू शकतं. वेगळ्या प्रकारचं हवं असेल तर 'अ डिफरंट नोझल' म्हणायचं. मराठी 'दुसरं' दोन्हीकडं चालतं, म्हणून घरी येईपर्यंत कळत नाही.

शेवटी पोराकडूनच लिहवून घेतलं, मी फक्त बाजूला उभा. 'द स्पेलिंग ऑफ माय सरनेम ऑन माय मार्कशीट इज डिफरंट फ्रॉम दॅट ऑन माय आधार कार्ड. बोथ स्पेलिंग्ज रेफर टू वन अँड द सेम पर्सन.' खाली दोन्ही स्पेलिंग्ज मोठ्या अक्षरांत, एकाखाली एक, कोणतं कशावर आहे ते लिहून. आधी त्यानं दुसऱ्या वाक्यात पुन्हा सिमिलर घातलं होतं, ते स्वतःच खोडलं.

कागद घेतला गेला. जाताना बाप थबकला.

"सर, सातबाऱ्यावर कोनता व लागते?"

"तिथं मराठीच आहे."

"मंग थे बरं हाय," म्हणाला, आणि सायकलला किक नसताना उगाच पाय मारून निघाला.